मंजूर भार किती घ्यावा : १० किलोवॅट की १५? (थ्री फेज आणि गाडीचा चार्जर)

नमस्कार.

साताऱ्यातील आमच्या जुन्या घरावर यंदा वरचा मजला चढवला आहे. वीजबिलावर मंजूर भार ३ किलोवॅट असून मीटर सिंगल फेजचा आहे व त्यावर ५-३० अँपिअर असे छापलेले आहे. पहाटे आईच्या आंघोळीसाठी गीझर चालू असताना पंप लावला, की स्वयंपाकघरातील दिवा मंद होतो. मागच्या आठवड्यात वायरमनकडून मेन स्विच उघडून घेतला, तेव्हा न्यूट्रलच्या स्क्रूजवळचे इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेले दिसले. ते टोक कापून पुन्हा आवळून घेतले, पण आता भार वाढवून घेणे लांबणीवर टाकायचे नाही, असे ठरवले आहे.

दीड टनाचे दोन एसी ३.४, दोन गीझर ४, इंडक्शन २, एक अश्वशक्तीचा पंप १ आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवे, पंखे मिळून १.६, अशी बेरीज १२ किलोवॅट होते. त्यात गाडी धरून वायरमनने थेट १५ किलोवॅट थ्री फेज सुचवले. मला ते पटलेले नाही, कारण सकाळी गीझर, इंडक्शन आणि पंप एकदम चालले तरी किरकोळ वापरासह ८ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३५ अँपिअर होतात आणि त्या वेळी एसी बंद असतात. रात्री एसी चालू असतात तेव्हा गीझर बंद असतात.

खरी अडचण चार्जरची आहे. मुलाला ७.४ किलोवॅटचा हवा आहे, परंतु आमची गाडी सिंगल फेजवरच चार्ज होते, त्यामुळे ३२ अँपिअर एकाच फेजवर येतील. १५ किलोवॅट तिन्ही फेजवर समान वाटले तरी प्रत्येकीच्या वाट्याला २२ अँपिअरच्या आसपास येतात; म्हणजे मोठा भार मंजूर करून घेऊनही तोल बिघडणारच. आमचा रोजचा प्रवास ४० किलोमीटरच्या आत असल्याने ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर दोन-अडीच तासांत भागावे, असा माझा हिशेब आहे. (मुलाचे म्हणणे, पाहुणे आले की काय करायचे?)

३.३ चा चार्जर घेऊन १० किलोवॅट थ्री फेज पुरेल का? थ्री फेजचा स्थिर आकार जास्त असतो, हे ठाऊक आहे. तरीही मीटर आणि सर्व्हिस केबल बदलावीच लागणार असल्याने माझा कल तिकडे आहे. एसी, गीझर आणि चार्जर यांची फेजवार वाटणी तुम्ही कशी केली असती? शिवाय थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटल्यास काही उपकरणांवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. आमच्या न्यूट्रलची अवस्था पाहिल्यावर त्याचीच अधिक धास्ती वाटते, म्हणून डीबीमध्ये (घरातील वीजवाटपाच्या पेटीत) जादा दाबापासून संरक्षण देणारे उपकरण ज्यांनी बसवले आहे, त्यांनी ते मेननंतर लगेच बसवले की प्रत्येक फेजला वेगळे, हे कृपया सांगावे.