जेजुरीला आधी कडेपठार की गड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खंडोबा आमचं कुलदैवत. धाकट्या भावाचं लग्न नुकतंच झालंय, जोडीला घेऊन जेजुरीला जायचंय, आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, कडेपठार हे देवाचं जुनं ठाणं; थकलेल्या भक्ताला चढण झेपेना म्हणून देव खाली गडावर आला. तेव्हा आधी वर जायचं. काकांचं म्हणणं, गडावर तळी भरली, भंडारा उधळला की झालं. तुमच्याकडे क्रम कसा असतो?

दुसरं बाणाईचं. म्हाळसा गडावर देवाशेजारी आणि धनगराची ही लेक वाटेत, अर्ध्या चढणीवर. सवतींचं पटेना म्हणून, असं आजी सांगायची. नव्या सुनेनं तिची ओटी चढताना भरायची की उतरताना?

सोमवती अमावस्या टाळतोय. त्या दिवशी पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, पाय ठेवायला जागा नसते. बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायची भावाची तालीम मात्र जोरात चालू आहे!

मणी-मल्लाची कथा पाठ आहे, ती नको. घरचा कुलाचार ठाऊक असणाऱ्यांनी कृपया सांगा.