चौरस हा आयत असतो का? मग समांतरभुज चौकोन समलंब का नाही?

चौकस
भाचीच्या गृहपाठात होतं, 'प्रत्येक चौरस हा आयत असतो. चूक की बरोबर?' तिने 'चूक' लिहिलं, मीही मान डोलावली. वहीत लाल फुली आली. आयत म्हणजे चारही कोन काटकोन, एवढीच व्याख्या, हे मान्य. पण 'आयत काढ' म्हटल्यावर मी चौरस काढला तर समोरचा वैतागेलच ना? एकाच आकृतीला चौरस, आयत, समभुज, समांतरभुज अशी चार नावं कशाला? प्रत्येकाला आपापला कप्पा द्या आणि मोकळे व्हा. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनेही तेच केलं होतं. त्याच्या 'एलिमेंट्स' ग्रंथातल्या पहिल्या पुस्तकाच्या 22व्या व्याख्येत त्याचा आयत म्हणजे काटकोनी पण समभुज नसलेला.

काटकोन_90
साफ असहमत. सारख्या लांबीच्या चार पट्ट्या घ्या, टोकं टाचणीने सैल जोडा आणि एक कोपरा दाबत जा. कोन 60 अंश, 75, 89: समभुज चौकोन. 90 ला तो समभुज राहत नाही आणि 91 ला पुन्हा होतो? पट्ट्या तर त्याच आहेत!

शिवाय समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांचे लंबदुभाजक असतात हे एकदा सिद्ध केलं की चौरसाला ते फुकटात मिळतं. कर्ण एकरूप असणं आयताकडून, तेही फुकट. कप्पे पाडलेत तर तीच सिद्धता नाव बदलून पुन्हा लिहीत बसा.

आणि युक्लिडचं अर्धंच सांगितलंत. त्याच पुस्तकाच्या 46व्या विधानात चौरस काढताना तो आकृती आधी समांतरभुज आहे म्हणतो, संमुख बाजू समान असण्याचा गुणधर्म वापरतो, मग चौरस ठरवतो. म्हणजे कप्पे व्याख्येपुरतेच.

भरकटलेला_बिंदू
अवांतर: पट्ट्यांवरून भास्कराचार्य आठवले. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आणि उत्तर देणारा त्याहून मोठा, असं लीलावतीत (1150) सुनावलंय. खरंच आहे. बाजू 10 चा चौरस 100 चा, तोच 30 अंशांपर्यंत दाबला की 50 चा. चालू द्या.

चौकस
पट्ट्यांचं पटलं. चौरस आयत, गिळलं. पण समलंब? पुस्तकात 'संमुख बाजूंची फक्त एकच जोडी समांतर' असं आहे. त्या 'फक्त'मुळे समांतरभुज बाहेर. इथे कप्पा चालतो?

काटकोन_90
तो 'फक्त' खोडावा, असं माझं मत. समलंबाचं क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले 2. दोन्ही बाजू सारख्या असल्या की पाया गुणिले उंची उरतं. वक्राखालचं क्षेत्रफळ समलंब पट्ट्यांनी काढताना लगतच्या दोन उंची सारख्या आल्या की पट्टी आयत होते. म्हणून काय कुणी सूत्र बदलतं?

गणितवेडी
इथे घाई होतेय. चौरसाबद्दल माझं भांडण नाही. आयत आणि समभुज या दोघांत जे सामाईक, तो चौरस. (म्हणूनच चौकोनांच्या या नात्यांना कुणी वंशवृक्ष म्हटलं की मला खटकतं, फांद्या पुन्हा जुळतात.) पण समद्विभुज समलंबात उरलेल्या दोन बाजू एकरूप असतात. 'फक्त' खोडलात की प्रत्येक समांतरभुज चौकोन समद्विभुज समलंब! मग कर्ण एकरूप असतात या प्रमेयाचं काय? 6 आणि 4 बाजूंचा, 60 अंशांचा समांतरभुज काढा. एक कर्ण साधारण 8.7, दुसरा 5.3.

काटकोन_90
मुद्दा बिनतोड. मग समद्विभुज समलंबाची व्याख्या बाजूंवरून न करता पायालगतच्या कोनांवरून करा: ते दोन कोन एकरूप. आयत आत येतो, तिरका समांतरभुज बाहेर राहतो.

गणितवेडी
म्हणजे एक शब्द खोडण्यासाठी दुसरी व्याख्या नव्याने लिहायची. चालेल, पण मग ही सोय आहे म्हणा. 'फक्त' ठेवणारे चुकतात असं म्हणू नका.

चौकस
भाची विचारतेय, समभुज चौकोन पतंग असतो का. लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या एकरूप आहेत, तेव्हा 'असतो' लिही म्हणालो. तिच्या पुस्तकात तिथेही कुठे 'फक्त' दडलाय का ते बघायचं राहिलं.