पक्षीथांब्यांखाली घाणेरीच जास्त उगवते, काय करावं?

नमस्कार मंडळी. जांबोटीकडे (ता. खानापूर) आमची एकरभर पड जमीन आहे. तिथं जुनं रान परत यावं, पक्ष्यांनी बसून शिटेतून बिया टाकाव्यात म्हणून आडवी काठी बांधलेले बांबू (पक्षीथांबे) रोवलेत. कोतवाल पक्षी दिवसभर बसतो, पण तो किडेखाऊ, बियांसाठी बिनकामाचा! बुलबुल येतात, जांभळट शिटेत करवंदाच्या बिया दिसतात. उगवते मात्र घाणेरीच (लँटाना, रान व्यापणारं परदेशी झुडूप) जास्त. थांब्याखालचं गवत काढलं, पालापाचोळा पसरला. करवंदाची रोपं आली, उन्हाळ्यात करपली. गुरांसाठी काटेरी कुंपण आहे. जंगल अर्ध्या किलोमीटरवर. पाणी देणं जमणार नाही, तणनाशक नको.

थांबे जंगलाच्या बाजूला सरकवल्यास फरक पडेल का? आणि घाणेरी आत्ताच मुळासकट काढावी, की रोपांना सावली म्हणून एखादा उन्हाळा राहू द्यावी?