मदत हवी आहे: वयात येतानाचा छळ आणि पुढे व्यसन, सेमिनारसाठी

नमस्कार मंडळी, एमएस्सी सायकॉलॉजीला आहे, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि मी पार अडकलेय. उंदरांवरचे प्रयोग कळले, म्हणजे साधारण ३५ दिवसांच्या नराला रोज एका दांडग्या नराच्या पिंजऱ्यात सोडतात, तो याला लोळवतो, बिचारा पोट वर करून गप पडून राहतो, असं ५ दिवस (यालाच 'सोशल डिफीट' म्हणतात). मग मोठेपणी बघतात तर प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा पुढचा भाग) डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी, आणि ॲम्फेटामिन हे उत्तेजक ड्रग दिलं की हा इतरांपेक्षा जास्त उधळतो.

पण माणसांत हे कसं मांडू? आमच्या वर्गात एकाचा डबा रोज लपवायचे, तो आज चहासुद्धा पीत नाही! शिवाय घरची परिस्थिती, मित्र, सगळंच गुंतलेलं, त्यातून छळाचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

कुणी व्यसनमुक्ती केंद्रात काम करत असाल तर प्लीज सांगा, हिस्टरी घेताना शाळेतल्या छळाबद्दल मुद्दाम विचारता का पेशंट स्वतःहून बोलतात? मुलींमध्ये काही वेगळं दिसतं का? आणि 'सोशल डिफीट'ला मराठी शब्द सुचवा ना, 'सामाजिक पराभव' म्हटलं की निवडणूक हरल्यासारखं वाटतं.