हंगाम, सीझन, मोसम की सुगी? हॉकीच्या पहिल्या दिवसाला काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द हवाय. दरवर्षी या दिवसांत हवा असतो आणि दरवर्षी विचारायचं राहून जातं, म्हणून या वेळी विचारूनच टाकतो.

हॉकी लीगचा नवा सीझन तोंडावर आलाय. परवा ऑफिसात डबा खाताना म्हणालो, चला, आठवड्यावर आला आपला सीझन, तर समोरच्या ताईंनी अगदी मनापासून विचारलं, कसला हो, हुरड्याचा? त्यांचं काही चुकलं नाही. डिसेंबरात मराठी माणसाला सीझन म्हटलं की हुरडाच आठवणार, एप्रिलमध्ये आंबा आठवेल. पण मी तेव्हा अडलो, कारण मला जे म्हणायचं होतं त्यासाठी माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता. वर्षभर ज्याची वाट बघतो तो दिवस आला की पोटात जे होतं त्याला 'सीझन सुरू झाला' हे फार कोरडं वाटतं हो.

पेपरवाले 'हंगाम' लिहितात. नव्या हंगामाला प्रारंभ, हंगामातला पहिला विजय, वगैरे. शब्द चांगलाच आहे, फारसीतून आला आणि आपल्या मातीत इतका मुरला की खरीप हंगाम, रब्बी हंगाम, गळीत हंगाम म्हणताना तो बाहेरचा वाटतच नाही. (हंगामा पण फारसीच, तो गोंधळाच्या अर्थाने.) पण त्याला ई लागली की अर्थ पार बदलतो. हंगामी कामगार म्हणजे काम संपलं की घरी. विधानसभेतले हंगामी अध्यक्ष खरा अध्यक्ष निवडला जाईपर्यंतच. म्हणजे 'हंगामी' म्हणजे तात्पुरता. मग मी हंगामाची इतकी वाट बघतो तर मी 'हंगामी चाहता' का? उलट आहे ना! हंगामी चाहता तो, ज्याला हॉकी ऑलिंपिकच्या वेळेस आठवते. टोकियोला ४१ वर्षांनी मेडल आलं तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले, पॅरिसला स्पेनला २-१ हरवून परत ब्राँझ आलं, गोलकीपर श्रीजेशची ती शेवटची मॅच, तेव्हाही सगळे टीव्हीसमोर होते. मला त्या लोकांबद्दल काही आकस नाही, खरंच नाही, त्या दिवशी शेजारचे आजोबा डोळे पुसत होते ते मी पाहिलंय. पण २०१७ नंतर लीग बंद पडली ती थेट डिसेंबर २०२४ मध्ये परत आली, मधली सगळी वर्षं दर हिवाळ्यात काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं. ज्यांना तसं व्हायचं त्यांना काय म्हणायचं? मला नदीवरनं 'बारमाही' सुचलाय. बारमाही चाहता. कसा वाटतो सांगा.

मोसम म्हणाल तर तो अरबी, मान्सूनचा सख्खा भाऊ, आणि मोसमी म्हटलं की लगेच वारे वाहायला लागतात. हॉकीला तो बसत नाही, माझ्या कानाला तरी.

राहिली सुगी. आमची आजी शिरूरकडची. मी स्टिक बाहेर काढून बसलो की विचारायची, आली का रं तुझी सुगी? मी दरवर्षी पहिल्या मॅचच्या आधी स्टिकची ग्रिप बदलतो, आता खेळत नाही तरी बदलतो. जुनी पट्टी सोडताना खाली घामानं काळं पडलेलं लाकूड दिसतं, तुतीच्या लाकडाची जालंधरची स्टिक आहे, तिच्यावर अंगठ्याच्या जागी थोडा खड्डा पडलाय. मग नवी पट्टी वरच्या टोकापासून ताणून खाली गुंडाळत आणायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवत, नाहीतर मध्ये फट राहते आणि बोट तिथेच सोलतं. आजी ते सगळं बघत बसायची. तिचा 'सुगी' शब्द मला फार आवडतो, पण विचार केला तर सुगी म्हणजे कापणी-मळणी, पीक हातात येण्याचे दिवस. आणि इथे तर अजून पहिली शिट्टीही वाजलेली नाही. फायनलच्या आठवड्याला सुगी म्हणा हवं तर.

मला हवाय तो त्याच्या आधीचा शब्द. कसा ते सांगतो. माझं लहानपण पुण्यातल्या खडकीचं. धनराज पिल्ले आमच्याच खडकीचा, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला, वडील ग्राउंड सांभाळायचे आणि ही पोरं मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन चिखलात खेळायची, आणि तिथून हा माणूस चार ऑलिंपिक, चार वर्ल्डकप खेळला. आमच्यासाठी तो पेपरातला हीरो नव्हता, 'आपला धनराज' होता. तर आमचंही ग्राउंड मातीचं. पावसाळाभर बंद. नवरात्र उलटलं की आम्ही रोज शाळा सुटल्यावर जाऊन विचारायचो, काका, आज? ग्राउंडवाले काका चपला काढायचे आणि डी च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, तोंडाशी टाच दाबून गोल फिरवायचे. टाचेच्या खळग्यात पाणी दिसलं तर नाही. धूळ उडाली तर उशीर झाला, पाणी मारा आधी. या दोन्हीच्या मधला एक दिवस यायचा, चिखल नाही धूळ नाही, टाच थोडी आत जाते आणि खळगा तसाच राहतो. त्या दिवशी काका काही बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे आणि चुन्याची बादली आणायला जायचे, आणि आम्ही ओरडत सुटायचो.

त्या दिवसाला काय म्हणायचं? मला तो शब्द हवाय.

*

आमच्या कोल्हापूरकडं साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा गव्हाणीत उसाची मोळी टाकतात. बॉयलर आधी पेटवलेला असतोय पण मोळी पडली की सुरू. मी तर फुटबॉलवाला, आमच्यात शाहू स्टेडियमला पहिली मॅच असली की पेठेतली पोरं म्हणत्यात, पडली बघा मोळी. तुम्ही हॉकीवाल्यांनीपण वापरा की, आमची काय हरकत नाही. आणि बारमाही चाहता एकदम बेस्ट.

*

सीझनच म्हणा. लोक जे बोलतात तोच मराठी शब्द. स्टिकचं अनेकवचन तुम्ही 'स्टिका' केलंत, म्हणजे स्टिक मराठी झालीच ना? सीझनही तसाच, तो सीझन, ते सीझन, सीझनला, सीझनभर. उगाच शोधाशोध कशाला.

*

मी मुंबईचा, वय झालंय, टाइप हळू करतो. ८२ चा वर्ल्डकप मुंबईत झाला, चर्चगेटच्या स्टेडियमवर, पाकिस्ताननं फायनलला पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं. आपण पाचवे. तरी रोज जायचो. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही पण एक शब्द देतो, बुली. आमच्या वेळी मॅच बुलीनं सुरू व्हायची. दोघं समोरासमोर, मध्ये बॉल, स्टिक जमिनीला मग एकमेकांच्या स्टिकला, असं तीनदा, आणि मग बॉलवर झडप. टक टक, टक टक, टक टक. १९८१ ला ते काढलं आणि मध्यावरून पास देऊन मॅच सुरू व्हायला लागली. खेळ मध्येच थांबला तर बुली अजून होते, पण तीन नाही, स्टिकला स्टिक एकदाच. आम्ही मित्र आपसात कुठलंही काम सुरू करायचं म्हटलं की 'चला, बुली करा' म्हणायचो. लग्नाच्या याद्या करायला बसलो तेव्हाही म्हटलंय. आता ते म्हणणारे दोघंच राहिलो.

आणि एक सल आहे तो लिहितो. मुंबईची टीम होती, २०१३ ला मॅजिशियन्स, नंतर दबंग मुंबई, २०१७ ला फायनलला गेली, कलिंगा लान्सर्सकडून ४-१ हरली. लीग परत आली तेव्हा पुरुषांच्या आठ टीममध्ये मुंबई नाही, महाराष्ट्रच नाही. तेव्हा हंगाम आला तरी 'आपला' कुणाला म्हणायचं हा माझा प्रश्न आहे, त्याला शब्द असेल तर सांगा.

*

तुमचं ते टाचेचं वाचलं आणि अंगावर काटा आला. दादा, त्याला वाफसा म्हणतात. आमच्या परभणीकडे काही लोक वापसाही म्हणतात. पाऊस उघडला, रानात पाऊल ठेवलं तर फसत नाही, औताला माती चिकटत नाही, ढेकळं निघत नाहीत, आतली ओल मात्र आहे, तो वाफसा. माझे वडील मूठभर माती घ्यायचे, दाबून लाडू करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. लाडू पडून तसाच चपटा झाला तर अजून ओलं आहे. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला, चला पेरायला. लाडूच वळला नाही तर वाफसा गेला. हे 'आला' आणि 'गेला' महत्त्वाचं आहे बघा. वाफसा येतो, आपण आणत नाही. आमच्या काळ्या रानात तर दोन दिवस टिकला तरी पुष्कळ, म्हणून वाफसा आला की घरातली सगळी माणसं रानात. कुणी पाहुणा आला तरी त्याला शेतातच बोलवायचं.

*

मूळ प्रश्न विचारणारा मीच. ताई (की दादा, माहीत नाही, पण ताईच वाटलं), काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि मला झोप आली नाही. तीस वर्षं जो दिवस मला नुसता डोळ्यासमोर दिसायचा त्याला नाव होतं आणि ते माझ्या आजीला नक्कीच माहीत असणार, मी कधी विचारलंच नाही. ती सुगी म्हणायची कारण मी स्टिक घेऊन बसलेला खूश दिसायचो एवढंच.

वाफसा हॉकीला अगदी घट्ट बसतो. आता सगळं टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर आहे, राउरकेलाचं बिरसा मुंडा स्टेडियम वीस हजारांचं, निळंशार टर्फ, तिथे माती कुठली. पण टर्फलाही ओल लागतेच की. मॅचच्या आधी फवारे सोडतात, मध्यंतरात परत सोडतात, कारण कोरड्या टर्फवर बॉल अडखळतो आणि पडणाऱ्याची कातडी सोलून निघते. आमच्या इकडे पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे, तिथे सकाळी पाणी मारल्यावर पहिला पास जातो तेव्हा बॉलच्या मागे पाण्याची बारीक रेघ उठते, ती बघायला मी मुद्दाम लवकर जातो. म्हणजे माती गेली तरी ओलीचा हिशोब राहिलाच.

मोळीवाले दादा, मोळी मस्तच आहे, पण मोळी आपण टाकतो आणि वाफसा येतो, आणि मला वाट बघण्याचा शब्द हवा होता. पहिल्या शिट्टीला मोळी पडली म्हणेन, हे नक्की. सीझनवाल्यांशी भांडण नाही, मीही बोलताना सीझनच बोलणार, पण तारखेला सीझन आणि आतून जे होतं त्याला वाफसा, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काका, तुमच्या सलीला माझ्याकडे शब्द नाही. मी त्या लीगला हरमनप्रीत सिंगचे पेनल्टी कॉर्नर बघायला बसलो आणि महिनाभरात सूरमा क्लब 'आपला' झाला, पंजाब-हरियाणाची टीम असून. ते लोक पेनल्टी कॉर्नरला नुसतं पीसी म्हणतात, मीही आता तेच म्हणतो. पण मुंबईचं नाव फलकावर नाही हे मलाही बोचतं, आणि खडकीतल्या पोरांना तर आणखी. आणि 'चला, बुली करा' म्हणणारे दोघंच राहिलात असं लिहू नका, आजपासून तीन.

आता एकच शंका उरली, क्रियापदाची. मैदानाला वाफसा आला हे कळलं. माणसाला वाफसा येतो असं कुठे म्हणतात का? म्हणजे मी बायकोला 'मला वाफसा आलाय' म्हटलं तर चालेल, की 'माझा वाफसा झालाय'? रानातल्या लोकांनी सांगावं. शनिवारी पहिली मॅच आहे, ग्रिप कालच बदलली, तेवढं त्याच्या आत सांगा.