विषय: पोराचा दाखला, अर्जंट!!

विश्रामबाग, सांगलीहून:
नमस्कार मंडळी, पोचलो, सामान अजून बोटीतच आहे. पण दाखल्यावर घोडं अडलंय. इथले क्लार्क म्हणतात शाळा सोडल्याचा दाखला आणा, रजिस्टर नंबर नि गोल शिक्क्यासकट, आणि तिकडच्या बाई म्हणतात असलं काही आम्ही देत नाही, इंग्लंडात मूल दुसऱ्या शाळेत गेलं की फाइल परस्पर ऑनलाइन जाते, आता सांगलीला कशी जाणार? त्यात पोरगं ऑगस्ट 2017 चं, तिकडे वर्गात सगळ्यात लहान, इयर थ्री संपवून आलं आणि इथे वयाने परत तिसरीच. मी नापास झालो का म्हणून रडतंय. कुणी केलंय का हे?

खजिनदार:
आमच्या वेळी हेडटीचरचं लेटरहेडवरचं पत्र नि रिपोर्ट चालला होता. आणि तिसरी तर तिसरी रे, फिनलंडला पहिलीच सातव्या वर्षी असते. मराठीचं बघ आधी, 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे.

जपानवाल्या वहिनी:
वर्गाचं काय घेऊन बसलात, आमची तिथे शाळेत रोज फरशी पुसायची, वर्ग नि व्हरांडे पोरंच साफ करतात. इथे आल्यावर पहिल्या दिवशी झाडू मागितला तर बाई घाबरल्याच, म्हणाल्या घरचे तक्रार करतील.

सातारकर काका:
त्यात नवल काय वहिनी? आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या शाळेत दर शनिवारी शेणाने सारवायचो. आणि रयतेच्या वसतिगृहात तर कर्मवीर अण्णांनी पोरांना कामं करून शिकवलं, 1919 ला संस्था काढली. जपानचं कौतुक पुरे.

काकू (काकांच्याच आयडीवरून):
सारवायच्या मुली. हे पाणी आणायला म्हणून जायचे ते शाळा सुटतानाच उगवायचे.

सेक्रेटरी:
मंडळी, ही लिस्ट गणपतीची आहे. शाळेसाठी गेल्या वर्षी मीच वेगळा ग्रुप काढून दिला, तिथे चिटपाखरू नाही. जेवणाचे आकडे अजून 11 घरांचे यायचेत!! मोदकांचं मागच्यासारखं नको.

खजिनदार:
मागच्या वेळी मोदक कमी पडले ते आकड्यामुळे नव्हे, हे एकदा लिहून ठेवा.

विश्रामबाग, सांगलीहून:
दादा, पत्र आलं, सहीपण आहे. पण क्लार्क म्हणतात शिक्का गोलच पाहिजे, आणि त्या शाळेकडे शिक्काच नाही. पोरगं तोवर आजोबांजवळ बसून जोडाक्षरं गिरवतंय, 'ज्ञ'वर अडलंय. आमच्या घरचे आकडे शून्य धरा.