तुमची माय काय खेळायची? (अन् तुम्ही?)

पऱ्हाटी: काल संध्याकाळी डांबरी रोडवर शेजारची पोरगी पोलीस भरतीसाठी 800 मीटर पळत होती. माय कडेला पदर खोचून, हातात मोबाईल धरून वेळ लावत होती. "पाय उचल वं बाई!" मला माझी माय आठवली. दिवसभर निंदण, वेचणी, डोक्यावर चाऱ्याचा भारा. पण फोटो काढायचा म्हटलं की सगळ्यांच्या मागं दडायची. "माही तं पखाल झाली." आठवीत कबड्डीसाठी तालुक्याला माझं नाव गेलं, तर हाफपँटीत मांड्या दिसतील म्हणून मीच सरांना सांगून काढून घेतलं. घरून कोणीच नाही म्हटलं नव्हतं. तुमच्याकडं काय झालं, लिहा.

निंबोळी: आमच्याकडं उलटं! मामा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. (1914 पासूनचं आहे ते.) उन्हाळ्यात आले की आईला साडीवरच सूर्यनमस्कार घालायला लावायचे. आम्ही बहिणी बाजूला नकला करायचो. आई पुढं खो-खो खेळली, मी नकलाच करत राहिले 😄

पीटीमास्तर: पोरी सहावीपर्यंत पोरांना लोळवतात. आठवी लागली की "सर, पोट दुखते". बापाला भरतीचं नाव सांगितलं की तो मानतो. माय म्हणते, "आमच्यात कोनी धावलं नाही, इचं अंगच तसं नाही." पोरगी बाजूला उभी राहून ऐकत असते ना! जिची माय मैदानाच्या कडेला येऊन बसते, ती पोरगी टिकते, हे मी पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी 60 मिनिटं व्यायाम सांगते. आमचा आठवड्याचा जो खेळाचा तास आहे तोही गणितवाले सर घेऊन जातात.

तूरवाली: वावरातलं काम व्यायाम नाही का मग? सासूला म्हटलं चालायला चला, तर म्हणे, "निंदून कंबर गेली माही, आता कायले हिंडू?"

पऱ्हाटी: @तूरवाली सासूबाईंचं बरोबर आहे 😂 पण वाकून वाकून कंबर मोडणं वेगळं, हौसेनं पळणं वेगळं. मायनं हौसेचं काही केलेलं मी पाहिलंच नाही.

गुळपोळी: आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 ला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली अन् आईच्या गळ्यात पडून रडली, तो व्हिडिओ पाहून माही मायही रडली. मग डोळे पुसून म्हणे, "हा खेळ बरा हाय, बसून."

निंबोळी: 🤣🤣 काकूंना नमस्कार सांगा

तूरवाली: @पऱ्हाटी त्या पोरीचे बूट कुठले? भाचीलाही भरतीची तयारी करायची आहे.

पऱ्हाटी: परतवाड्याहून आणले म्हणे. माय साध्या चपलेवरच असते, परवा तर थोडी पळलीही सोबत.

गुळपोळी: चपलेवर नका पळू देऊ तिला, टाच धरते. माही धरली आहे, सकाळी पाय टेकवत नाही.

तूरवाली: मीठ टाकून गरम पाण्यात शेक. चला, वरण उतू चाललं.